ताटात पडलेलं खरं

मथळा मी एसटीतच लिहून टाकला होता. 'पालममध्ये झेरॉक्सच्या आड जुगार!' गंगाखेड सुटलं तेव्हा मथळा झाला आणि पालमचा थांबा यायच्या आत पहिला परिच्छेदही. त्या दुकानाचं तोंडसुद्धा मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. मला पत्रक लिहायला शिकवलं ते आमच्या संघटनेतल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं. तो म्हणायचा, पत्रक वाचणारा माणूस टपरीवर उभा राहून चहा पीत असतो, कप रिकामा होईपर्यंतच तो आपला. तेवढ्यात त्याला राग आला पाहिजे. म्हणून आधी शेवट ठरव, मग दोषी ठरव, मग उरलेल्या जागेत माहिती बसव. मी मनापासून शिकलो. राग आणणं मला अवघड गेलं नाही, कारण तो माझ्याकडं सकाळी उठल्यापासून तयार असायचा. अजूनही असतो. आपल्याकडं राग यावा असं फारसं काही नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा डोळे उघडे ठेवून तालुक्याला जाऊन यावं.

पालमच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं होतं, की झेरॉक्सच्या दुकानातली एक बाई दर रविवारी दुपारी कॉलेजची पोरंपोरी गोळा करते, दाराला पडदा लावते आणि आतून फाशांचा आवाज येतो. फाशांचा आवाज म्हणजे जुगार. आमच्या जिल्ह्यात यावर दुसरं मत नसतं.

पडदा सरकवून मी आत गेलो. मागच्या खोलीत कागदाच्या रिमांचे खोके भिंतीला लावलेले, मध्ये सतरंजी, सतरंजीवर पाच-सहा जण, आणि त्यांच्या मधोमध एक स्टीलचं काठाचं ताट. ताटात एक फासा. तसला फासा मी कधी पाहिला नव्हता. वीस बाजूंचा, लिंबाएवढा, आकडे झिजलेले आणि लाल नखपॉलिशनं पुन्हा भरलेले. पैसे कुठंच नव्हते. पस्तिशीची, चष्मा लावलेली बाई समोर बसली होती. मी कोण हे तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बसा. उभं राहून दिसत न्हाई."

मी बसलो, पुरावा गोळा करायला.

खेळ असा होता. बाई गोष्ट सांगत होत्या, पण अर्धीच. समुद्राकडून मीठ घेऊन एक काफिला निघालाय, डोंगरापलीकडच्या शहरातलं मीठ संपलंय, काफिला वेशीवर पोचलाय आणि पहारेकरी दार उघडत नाही. इथं त्या थांबल्या. काफिल्यातली माणसं म्हणजे सतरंजीवर बसलेली पोरं. प्रत्येकानं एकेक माणूस घेतलेला. पोलीस भरतीची तयारी करणारा एक दणकट गडी होता, त्याला सगळे भरतीवाला म्हणायचे. त्यानं रक्त बघून चक्कर येणारा चोर घेतला होता. एक बारीक चणीची, बीएस्सीला असलेली मुलगी काफिल्यातली वैदू झाली होती. पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा, आकडा जितका मोठा तितकं काम जमलं.

भरतीवाला म्हणाला, मी पहारेकऱ्याला ढकलून आत घुसतो.

"घूस की," बाई म्हणाल्या. "टाक."

फासा ताटात खणखणला. तीन पडले. मला वाटलं, आता बाई म्हणणार, जमलं नाही, पुढचा. त्या म्हणाल्या, ढकलाढकलीत पहारेकऱ्याच्या गालाला धक्का लागला. तो दार सोडून खाली बसला आणि गाल धरून रडायला लागला. मग तासभर गप्प असलेल्या त्या मुलीकडं वळून त्यांनी विचारलं, तू काय करतीस? मुलगी म्हणाली, त्याची दाढ दुखायली काय? बाई म्हणाल्या, लय. मुलीनं विचारलं, माझ्याकडं लवंग असती का?

"ते मला काय इचारतीस? वैदू तू हायस."

दार लवंगेनं उघडलं. माझा मथळा खिशात तसाच राहिला.

खेळ उठल्यावर बाईंपुढचा एक कागद मी उचलून पाहिला. मला वाटलं होतं, त्यावर सगळी गोष्ट लिहिलेली असणार. बिघडलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर एवढंच होतं: पहारेकरी. हवं काय: एक झोप. भीती कशाची: सासऱ्याची. मी विचारलं, पुढं काय होणार ते कुठं लिहिलंय? त्या झेरॉक्स मशीनचं झाकण पुसत म्हणाल्या, "ते मला काय म्हाईत? खेळणारे सांगतेत."

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागलो. पिंगळीहून पॅसेंजरनं गंगाखेड, तिथून एसटी, दोन वाजता सतरंजीवर. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्या मला 'पत्रकवाले' म्हणायच्या, कारण पत्रकं छापायला मी त्यांच्याचकडं टाकायला लागलो होतो. पुण्यात नोकरीला असताना हॉस्टेलच्या मुलींबरोबर त्या हा खेळ इंग्रजीतून शिकल्या. वडील थकल्यावर दुकान चालवायला परत आल्या तेव्हा सोबत तो एक फासा होता आणि नियमांचं विटेएवढं पुस्तक. पुस्तक त्यांनी कपाटावर ठेवलं. त्यातलं मोजकंच घेतलं आणि एक नियम स्वतःचा घातला: फासा ताटातच टाकायचा, सगळ्यांसमोर, आणि ताटात पडलं ते खरं.

हा नियम किती कडक आहे ते मला एका रविवारी कळलं. काफिल्यात एक म्हातारा उंटवाला होता. तो ताईंचा, त्याचा खोकला, त्याच्या शिव्या, त्याच्या तीन बायकांच्या खोट्या गोष्टी त्या स्वतः बोलायच्या. चार महिने आम्ही त्याच्यावर हसलो होतो. घाटात दरड कोसळली तेव्हा त्याच्यासाठी ताईंनी फासा टाकला आणि ताटात एक पडला. त्या ताटाकडं बघत राहिल्या. आकडा झिजलेला होता. सात आहे म्हणाल्या असत्या तर आम्ही मान्य केलं असतं, उलट बरंच वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, म्हातारा गेला. भरतीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सांगायचा, चोराच्या आलं.

या खेळाला रिकामटेकडेपणा म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी सांगतो, तुम्ही आयुष्यात किती जागा अशा पाहिल्या जिथं पुढं बसलेला माणूस स्वतःच्या विरुद्ध गेलेला आकडा सगळ्यांसमोर तसाच वाचतो? जिथं सगळ्यात कमी बोलणाऱ्याला सगळ्यात आधी विचारतात? मी शेकडो सभा केल्यात. माझ्या सभांमध्ये माईक माझ्याच हातात असायचा. एका रविवारी पोरांनी पुढच्या शहरात जायचंच नाही, वेशीबाहेर खानावळ टाकायची असं ठरवलं. ताईंनी शहरासाठी आठवडाभर माणसं रचली होती, गल्ल्या काढल्या होत्या. त्यांनी ते कागद गोळा करून खाली ठेवले आणि विचारलं, बरं, चूल कुठं मांडता? मी असतो तर पोरांना शहरात हाकलत नेलं असतं.

आणि मी नेलंच. तेच सांगायचंय.

ती वैदू झालेली मुलगी पालमपासून आत असलेल्या एका गावची. तिच्या गावाला संध्याकाळी साडेपाचची गाडी होती. पावसात गावाजवळची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, खचली आणि गाडी बंद झाली. सकाळी दहाच्या सुमाराला फाट्यावरून जीप मिळायची, पण परत यायला काही नव्हतं, म्हणून तेव्हापासून संध्याकाळी तिचा चुलता तिला मोटारसायकलवर आणायचा. पण दिवाळी झाली की चुलता बायकोसोबत ऊसतोडीला जाणार होता. वडिलांनी सरळ सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली तर कॉलेज, नाहीतर बास. वडील वाईट नव्हते. पोरीला तेवढ्या लांब चालत कोण आणणार, हा त्यांचा प्रश्न होता.

तिनं मला सांगितलं आणि मी पेटलो. पत्रक त्याच दिवशी लिहिलं: 'साडेपाचची गाडी गावात आलीच पाहिजे! अन्यथा रास्ता रोको!' ताईंच्या मशीनवर गठ्ठा छापला. आगारात निवेदन दिलं. तिच्या गावच्या आणखी तीन मुली कॉलेजला होत्या, त्यांच्या सह्या घेतल्या. सह्या घेतल्या, हे नीट वाचा. विचारलं काहीच नाही.

आठ दिवसांनी आगारातल्या साहेबांचा मला फोन आला. माणूस सरळ बोलला. म्हणाला, मोरी होईपर्यंत गाडी गावात जाऊ शकत नाही, तिला वळायला जागा नाही. पण सव्वाचारची एक गाडी फाट्यापर्यंत सोडतो, तिथून पुढं मुलींनी चालावं. चालेल का ते विचारून सांगा.

मी विचारलं नाही. मीच सांगितलं, चालणार नाही. गावात म्हणजे गावात. पत्रक छापून झालं होतं आणि त्यावर साडेपाच लिहिलं होतं. रास्ता रोकोचा दिवस माझ्या डोक्यात ठरला होता. फाट्यापर्यंतच्या गाडीवर कोण रस्ता अडवतं? आणि त्या मुलींना, ज्यांच्या गाडीबद्दल हे चाललं होतं, त्यांना मी फोन आला होता हेसुद्धा सांगितलं नाही. मला वाटलं, लढा मजबूत ठेवायचा तर एवढं करावं लागतं. हे वाक्य मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दिवाळीला तीन आठवडे उरले असतील. त्या रविवारी ताईंचा घसा बसला होता. शब्द फुटत नव्हता. त्यांनी कागदावर लिहून मला दाखवलं: आज तुमी चालवा.

मी तयारीतच होतो. मनातून मला ते कधीचं हवं होतं. आधीच्या फेऱ्यांतच एसटीत बसल्या बसल्या मी सगळं ठरवून ठेवलं होतं: शहराचा राजा मीठ कोठीत दाबून बसलाय, लोक उपाशी आहेत, काफिला लोकांना घेऊन राजवाड्यावर मोर्चा काढणार. शेवट पक्का. दोषी पक्का.

तासभर बरं चाललं. मग ती मुलगी म्हणाली, मोर्चाच्या आधी मी कोठीवाल्याकडं जाते. काय देता येतं ते त्याला इचारते.

माझ्याकडं कोठीवाला नव्हताच. त्याला काय हवं, त्याला कशाची भीती, यातलं मी काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, तो भेटत नाही. ती म्हणाली, मी थांबते. मी म्हणालो, तो चिडतो. ती म्हणाली, चिडू द्या, मी इचारते. शेवटी मी म्हणालो, बरं, त्याचं मन वळतं की नाही ते फाशावर. फासा कोठीवाल्याच्या बाजूनं, मोठा आकडा पडला तर तो अडून राहील.

फासा मीच टाकला. ताटात दोन पडले. मी तो पटकन तळव्याखाली घेतला, उचलला आणि म्हणालो, एकोणीस. कोठीवाला ऐकत नाही.

 मग ती मुलगी ताटाकडंच बघत म्हणाली, "दादा, ताटात दोन होते."

भरतीवाला हसला. म्हणाला, "एकोणीस पत्रकात छापून झालं आसंल. आता बदलता येत नसंल."

मी हसून वेळ मारून न्यायला बघितलं. गंमत केली म्हणालो, पुन्हा टाकतो म्हणालो. तिनं मान वर केली. ती मुलगी माझ्याशी कधी नजर वर करून बोलली नव्हती.

"खेळातलं जाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या चुलत्याला कंडक्टर म्हणला, साहेबानं तुमच्या नेत्याला फोन केलता. केलता का?"

मी ताईंकडं बघितलं. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्या बोलल्या असत्या असं मला वाटत नाही. त्यांनी दोन बोटांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

ते रिकामं ताट मला अजून दिसतं. जिल्हाभर मी ओरडत फिरलो होतो, की लोकांपासून कागद लपवता, निर्णय बंद दाराआड घेता, लाज वाटत नाही? आणि चार मुलींच्या आयुष्याचा कागद मी स्वतः खिशात घालून बसलो होतो. मी सगळं सांगितलं. सव्वाचार, फाटा, मोरी, माझं 'चालणार नाही'. 

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमाला इचारायचं तर होतं. तिथं चालणार आमी हाव. तुमी न्हाई."

मला वाटलं ती उठून जाईल. तिनं रिमच्या खोक्यावरचा एक बिघडलेला कागद घेतला आणि वर लिहिलं: साहेब. हवं काय. भीती कशाची. ताईंचा तो कागद तिनं कितीदा पाहिला असेल. ती म्हणाली, सांगा आता, फोनवर काय काय म्हणला साहेब. शब्दाला शब्द.

मला आठवेल तसं मी सांगत गेलो. भरतीवाल्यानं भर घातली, की मोरी खचली त्या दिवशी गाडी वळताना चाक रुतलं होतं, ड्रायव्हर-कंडक्टर दोघं उजाडेपर्यंत गाडीतच बसून होते. मुलीनं लिहिलं: भीती: गाडी रुतायची. हवं काय: हे मात्र रिकामं ठेवलं, म्हणाली, ते त्यांनाच विचारू. मग ती स्वतःचं मोजायला लागली. सव्वाचारच्या गाडीनं प्रॅक्टिकल बुडतं. पण मॅडमना विचारून सकाळची बॅच घेता येईल. फाट्यावरून चौघी मिळून चाललं तर अंधाराच्या आत घरी. चौघी असू तर वडील ऐकतील, एकटीचं ऐकणार नाहीत. या सगळ्यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं, आणि मी त्यांचा नेता होतो.

सोमवारी चौघी आगारात गेल्या. मी मागं उभा राहिलो, तोंड बंद करून. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड आंदोलन. साहेबांनी आधी माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मुलगी म्हणाली, सर, सव्वाचारची फाट्यापर्यंत आमाला चालती. फक्त सकाळची बॅच मिळाली तर सकाळी लवकर पण फाट्यावरून गाडी लागंल. ती तुमाला कशानं जमंल?

साहेबांच्या आठ्या उतरल्या. त्यांना कुणी असं विचारत नसावं. ते म्हणाले, सकाळची एक गाडी त्याच रस्त्यानं जाते, पण फाट्यावर कुणी नसतं म्हणून थांबत नाही. रोज माणसं असतील तर थांबवतो, पण दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी गायब झालात तर मलाच ऐकून घ्यावं लागतं. मुलगी म्हणाली, आमी चौघी रोज असू. त्यांनी वहीत लिहून घेतलं. साहेबांना हवं काय, ते त्या कागदावर भरायचं राहिलं होतं, ते असं भरलं गेलं: रोज माणसं.

दिवाळी झाली. चुलता गेला. पहिल्या दिवशी मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. गाडी आली, चौघी उतरल्या, आणि मोरीच्या बाजूनं पायवाटेला लागल्या. तिनं मला बघून विचारलं, "काय दादा, मोजायला आलाव का आमाला?" मी म्हणालो, हो. ती हसली आणि गेली. मोरी अजून झालेली नाही. त्यावर माझं निवेदन चालू आहे आणि राग शाबूत आहे, काळजी नसावी. ती मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

राहिला तो पत्रकांचा गठ्ठा. साडेपाचचा, रास्ता रोकोचा. मी ताईंना म्हणालो, रद्दीत घाला. त्यांचा घसा तोवर सुटला होता. त्या म्हणाल्या, मागची बाजू कोरी हाय की.

पुढच्या रविवारी काफिल्यात नवा माणूस घ्यायची माझी पाळी होती, कारण माझ्या जुन्या माणसाला त्या एकोणीसनंतर सगळ्यांनी एकमतानं काढून टाकलं होतं. ताईंनी माझ्यापुढं माझंच पत्रक उलटं करून ठेवलं. मागच्या बाजूला पेननं दोन ओळी लिहिलेल्या होत्या: हवं काय. भीती कशाची. हवं काय, ते मी चटकन लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. शेजारी वैदू बसली होती. तिनं वाकून बघितलं आणि फासा ताटातून उचलून स्वतःच्या मुठीत घेतला.

"लिवा की दादा," ती म्हणाली. "आमी थांबतो."